आजोबांच्या ट्रंकेतली इटलीची कार्डं : चार घरांत वाटायची की एकत्र ठेवायची?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आईचे वडील दुसऱ्या महायुद्धात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत शिपाई होते. आधी इराक-सिरिया, मग इजिप्त आणि १९४३ पासून लढाई संपेपर्यंत इटली. परत आल्यावर वाई तालुक्यातल्या गावी शेती केली. लढाईबद्दल कुणी विचारलं तर "थंडी लई हुती" एवढंच सांगायचे. मामाच्या घराची कौलं उतरवली तेव्हा माळ्यावरची ट्रंक खाली आली आणि तिच्यात बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात हे सगळं निघालं :

बगदादचा पूल, दमास्कसचा बाजार, जेरुसलेम, पिरॅमिड, बारी, रोम, फ्लॉरेन्स अशी पिक्चर पोस्टकार्डं, बरीच. एकावरही तिकीट नाही की शिक्का नाही, म्हणजे ती पाठवलेलीच नाहीत. एक रंगीत कार्ड बागेत नाचणाऱ्या बायकांच्या चित्राचं आहे. आजोबा आणि दोन सोबती यांचा स्टुडिओत काढलेला फोटो, मागे रंगवलेला पडदा. एका इटालियन कुटुंबाचा घराच्या पायऱ्यांवरचा फोटो, त्यात एका म्हातारीचा हात आजोबांच्या खांद्यावर. लष्करी लिराच्या (लिरा म्हणजे इटलीचं तेव्हाचं चलन) चार-पाच नोटा. आणि नागमोडी कडांचा एक फोटो, तरुण बाई आणि लहान मुलगा, मागे परक्या भाषेत दोन ओळी. ते कोण, घरात कुणालाच माहीत नाही.

काही कार्डांच्या मागे पेन्सिलीने मोडीत लिहिलंय. आम्हाला कुणाला मोडी येत नाही.

मामा आणि मावश्या म्हणतात, चार घरांत वाटून घेऊ, प्रत्येकाकडे आठवण राहील. ओळखीतून एक संग्राहक आलेत, त्यांना फक्त नोटा आणि तो बाई-मुलाचा फोटो हवाय. मला वाटतं काहीच हलवू नये, पण कारण नीट सांगता येत नाही. तुम्ही काय केलं असतं?

रानजाई

वाचतेय. फोटो टाक ना इथे!

कृष्णाकाठ

रानजाई, मामाने हो म्हटल्याशिवाय नाही टाकत. ट्रंक त्यांच्या घरातली आहे.

फोटोवेडा

ताई, वाटणीचं नंतर बघू. पावसाळा तोंडावर आहे, त्याआधी एवढं करा.

डबा आहे तसा उघडून, कुठल्या कार्डाखाली कुठलं होतं त्या क्रमाने फोनवर फोटो काढा. आजोबांनी स्वतः लावलेला क्रम एकदा मोडला की परत मिळत नाही. मग प्रत्येक कार्ड पुढून आणि मागून स्कॅन करा, निदान ६०० डीपीआयवर (स्कॅनची बारकाई) आणि टिफ प्रकारच्या फाइलमध्ये. मागची बाजू कोरी दिसली तरी सोडू नका, कागद बनवणाऱ्याचा छाप तिथेच असतो.

लॅमिनेशन अजिबात नको. चिकटपट्टी नको. ऐंशीच्या दशकात मिळायचे तसे चिकट पानांचे अल्बम तर नकोच. त्यातून फोटो काढताना माझ्या वडिलांच्या लग्नाचे निम्मे फोटो फाटले. आम्लमुक्त कागदाची पाकिटं किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक बाह्या मिळतात, पीव्हीसीच्या घेऊ नका. डांबरगोळ्या त्याच डब्यात टाकू नका. गडद भागावर निळसर चांदीसारखी चमक दिसली तर घाबरू नका आणि पुसू तर मुळीच नका. फोटोतली चांदीच वर आलेली असते. मागे काही लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेन नको.

आणि त्या संग्राहकाला सध्या काही देऊ नका.

दर्यावर्दी

पिरॅमिडसमोर उंटावर बसलेला फोटो आहे का? असणारच. महाराष्ट्रातल्या प्रत्येक फौजी घरात तो आहे. माझ्या आजोबांचा आणि शेजारच्या शिंदेकाकांच्या आजोबांचा उंट एकच असावा असा आमचा जुना वाद आहे, दोघांच्याही उंटाच्या कानाला खाच आहे.

पण स्फिंक्सचा फोटो असेल तर हनुवटीखाली बघा. युद्धाच्या काळात बाँबच्या हादऱ्यांनी डोकं पडू नये म्हणून तिथे वाळूच्या पोत्यांचा आधार रचला होता. तो दिसला तर फोटो नक्की लढाईच्या वर्षांतला. दिसला नाही तर दुकानदाराने जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून छापलेलं कार्ड विकलेलं असू शकतं.

कृष्णाकाठ

दर्यावर्दी, उंट आहे! कान बघते. स्फिंक्स कार्डावर आहे, पोती नाहीत.

टपालहंशील

मी तिकिटं आणि लष्करी टपाल जमवतो, म्हणून बाजाराची बाजू सांगतो. न पाठवलेल्या कार्डांना बाजारात फारशी किंमत नसते. किंमत असते ती फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का, सेन्सॉरचा शिक्का असलेल्यांना. संग्राहक नोटा आणि तो एक फोटो मागतोय त्याचं कारण तेच, बाकीचं त्याला ओझं आहे. तुमच्यासाठी मात्र उलटं आहे. पाठवलेलं कार्ड सेन्सॉर वाचणार हे शिपायाला ठाऊक असायचं, तो जपून लिहायचा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधले आपले शिपाई गोऱ्या पलटणींना लाल मिरची आणि आपल्या माणसांना काळी मिरी म्हणायचे, "काळी मिरी संपत आली" असं घरी कळवायचे, कारण बुलोनला बसलेले सेन्सॉर पत्रं उघडत. न पाठवलेल्या कार्डावर जे लिहिलंय ते स्वतःसाठी लिहिलंय. तिथे कुणाचा डोळा नाही. म्हणून ती मोडी वाचून घ्याच.

इटालियन कार्डांच्या मागे छपाईचं साल बघा. मुसोलिनीच्या राजवटीत इसवी सनाशेजारी रोमन आकड्यांत फॅसिस्ट वर्ष छापत. त्यांची गणना १९२२ च्या ऑक्टोबरपासून, त्यामुळे १९४१ बरोबर १९ दिसेल. आजोबा उतरले १९४३ मध्ये, म्हणजे दुकानदारांनी जुनाच साठा नव्या फौजेला विकला. तशी कार्डं माझ्याकडेही आहेत. मागे "व्हेरा फोतोग्राफिया" छापलं असेल तर ते छापखान्यातलं चित्र नाही, फोटोच्या कागदावर काढलेली खरी प्रत आहे. त्याला ओल जास्त बाधते.

अवांतर : घरात तळहाताएवढ्या, फोटोच्या कागदावर छापलेल्या चिठ्ठ्या सापडल्या तर रद्दीत टाकू नका. ती एअरग्राफ. पत्राचा फोटो बारीक फिल्मवर घ्यायचे, फिल्म विमानाने जायची, उतरल्यावर कागदावर छापून वाटायचे. १९४१ मध्ये कैरोहून इंग्लंडसाठी सुरू झालं, नंतर हिंदुस्थानासाठीही.

सांजवात

टपालहंशील यांचं सेन्सॉरबद्दलचं पटलं, पण एक भर घालते. आमच्याकडे पत्र वाचायचं काम पोस्टमन किंवा शाळामास्तर करायचे. बाईच्या हातात नवऱ्याचं पत्र यायचं आणि ते परक्या पुरुषाच्या तोंडून, अंगणात चार माणसांसमोर ऐकावं लागायचं. सेन्सॉर एकच नव्हता, दोन होते. फोटोला वाचणारा लागत नाही. माझ्या पणजीकडे पणजोबांचा बसऱ्याचा एकच फोटो होता. ती तो कुणाच्या हातात द्यायची नाही, लांबून दाखवायची.

पणजोबा ११० व्या मराठा पलटणीत होते आणि कूतच्या वेढ्यात सापडले. इराकमधलं कूत अल अमारा, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. १०३, ११० आणि ११७ अशा मराठ्यांच्या तीन पलटणी आत होत्या. शेवटी अन्न संपलं, घोडे कापले, आणि कितीतरी हिंदी शिपायांनी उपाशी राहूनही ते मांस बरेच दिवस खाल्लं नाही. २९ एप्रिलला शरणागती, मग वाळवंटातून चालत तुर्कांच्या कैदेत. पणजोबा परत आले नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर त्यांचं नाव असेल असं आम्ही धरून चाललो होतो. तिथे ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही, आणि आपल्या साध्या शिपायांचा प्रत्येक पलटणीमागे फक्त आकडा. राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने (सीडब्ल्यूजीसी) या भेदभावाचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. शंभर वर्षांनी.

म्हणून कृष्णाकाठ, चेहरा आणि नाव एकत्र ठेवणारी वस्तू आपल्या घरात असेल तर ती फुटू देऊ नकोस. आमच्याकडे तो एक फोटो होता, चुलत घराण्यात वाटणीत गेला आणि त्यांच्या गाव बदलण्यात हरवला.

फोटोवेडा

सांजवात, दंडवत.

बखरनवीस

त्या "बागेत नाचणाऱ्या बायकां"वर मला थांबावंसं वाटतंय. डावीकडे तीन बायका हात गुंफून, मध्ये एक उभी, उजवीकडे फुलाफुलांच्या झग्यातली एक, वर डोळ्यांवर पट्टी बांधलेला पंखवाला मुलगा, मागे संत्र्यांची झाडं. असंच आहे का?

कृष्णाकाठ

हो! अगदी हेच. पंखवाला मुलगा आहे.

बखरनवीस

मग ते बॉतिचेल्लीचं "प्रिमावेरा", वसंत ऋतूचं चित्र. पंधराव्या शतकातलं, आज फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात.

आता हे ऐका. लढाईच्या आधी उफिझीतली चित्रं हलवून आसपासच्या गढ्या-वाड्यांत ठेवली होती. फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला मॉन्तेगुफोनी नावाचा किल्लेवजा वाडा आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात आठवी हिंदी डिव्हिजन तिथवर पोचली, वाड्यात मराठ्यांची पलटण होती. आणि तिथल्या दालनांत, भिंतींना टेकवून ठेवलेल्या चित्रांत, हे प्रिमावेराही होतं. पलटणीने त्या खोल्यांवर पहारे बसवले. ती पलटण १/५, म्हणजे पाचव्या मराठाची पहिली. ताई, तुमच्या आजोबांची.

कोकणातली, साताऱ्याची, नगरची पोरं, बाहेर तोफा चालू, आणि आत जगातलं एक सर्वांत प्रसिद्ध चित्र त्यांच्या राखणीत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती.

रानजाई

अंगावर काटा आला. म्हणजे आजोबांनी खऱ्या चित्रावर पहारा दिला आणि आठवण म्हणून कार्ड घेतलं!

गावठी_गणिती

थांबा थांबा. पलटणीत सातआठशे माणूस. पहाऱ्यावर त्यातले किती? आणि प्रिमावेराचं कार्ड फ्लॉरेन्समध्ये दुकानादुकानांत मिळतं, तेव्हाही मिळत असणार. रजेवर गेलेला कुणीही घेईल. चित्र सुंदर आहे, हे कारण पुरेसं नाही का? आपल्या शिपायाला चित्र आवडलं म्हणून त्याने विकत घेतलं, हे मानायला आपल्याला एवढं जड का जावं?

बखरनवीस, तुमची माहिती खरी आहे, मी वाचलेली आहे. पण पलटणीची गोष्ट आणि एका माणसाची गोष्ट यांच्यामध्ये पुरावा लागतो.

बखरनवीस

मान्य. म्हणूनच मागची मोडी महत्त्वाची. पण गणितीबुवा, शक्यता तरी बोलून दाखवू द्या की.

आगोंदकार

पत्र्याच्या डब्यात मेरीचं चित्र नाही का? विचारायचं कारण, कोल्हापूरकडच्या माझ्या मित्राच्या देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी एक छोटं चित्र होतं. मांडीवर बाळ घेतलेली देवी, खाली एक पुरुष आणि एक जोगीण. त्याची आजी "इटलीची अंबाबाई" म्हणून हळदकुंकू वाहायची. मी बघताक्षणी ओळखलं, पोंपेईची रोझरीची सायबीण! खाली सेंट डॉमिनिक आणि सिएनाची कॅथरीन. आमच्या घरी गोव्यात हीच. नेपल्सजवळ पोंपेईला तिचं मोठं देऊळ आहे, तिथली छोटी चित्रं इटालियन बायका सगळ्यांना वाटतात. कुणा म्हातारीने त्याच्या आजोबांच्या खिशात घातली असणार, रक्षण कर म्हणून. आजोबा सुखरूप आले, मग आजी तिला देवघरातून हलवेल कशी? आजही आहे ती तिथे. नवरात्रात तिलाही माळ चढते.

तुमच्या त्या पायऱ्यांवरच्या फोटोतली म्हातारी वाचून हे सगळं आठवलं.

सांजवात

आगोंदकार, किती छान लिहिलंत.

परखड

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. हे शिपाई कुणासाठी लढत होते? १९४२ मध्ये इथे चले जाव, १९४३ मध्ये बंगालात माणसं भुकेने मरत होती, आणि आपले लोक साम्राज्याच्या पगारावर इटलीत. त्या लष्करी लिराच्या नोटा उलटून बघा. भाषणस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य, अभावापासून मुक्ती, भयापासून मुक्ती अशी चार स्वातंत्र्यं इंग्रजीत छापलेली आहेत. ज्याच्या हातात ती नोट दिली, त्याच्या देशात यातलं काय होतं? आपण कार्डांच्या सुंदर चित्रांत हे सगळं बुडवतोय असं मला वाटतं.

डोंगरवाट

परखड, नोटांचं तुम्ही सांगितलंत ते माझ्या मनात राहील. पण "आपले लोक" असा एकच ढीग करू नका.

माझं गाव सातारा जिल्ह्यात. धाकटे आजोबा पलटणीत, थोरले प्रतिसरकारात, क्रांतिसिंहांच्या माणसांना भाकरी पोचवणारे. एकाच घरात. धाकट्यांची मनीऑर्डर यायची त्यावर घर चालायचं आणि त्याच घरातली भाकरी भूमिगतांना जायची. पोलीस झडतीला आले की पणजी फौजी पोराचा गणवेशातला फोटो दारात आणून ठेवायची, "सरकारचं घर हाय ह्ये" म्हणून. त्या एका फोटोने थोरल्याला दोनदा वाचवलं असं घरी सांगतात. दोघे भाऊ पुढे आयुष्यभर एकत्र जेवले. कोण बरोबर, हे त्यांनी आपसांत कधीतरी बोलून घेतलं असेल, आम्हाला सांगितलं नाही.

त्या युद्धात हिंदी फौज सुमारे २५ लाखांची झाली, सगळी स्वखुशीने भरती झालेली म्हणतात. कोरडवाहू गावात पगार आणि पोटभर जेवण यापुढे खुशी म्हणजे काय, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण ही कार्डं जपणं म्हणजे साम्राज्याची आरती नव्हे. सरकारी इतिहासात शिपाई आकडा असतो, सांजवातने बसऱ्याचं लिहिलंच आहे. या डब्यात तो स्वतः निवडणारा माणूस आहे.

परखड

डोंगरवाट, फोटो दारात ठेवण्याचं वाचून गप्प झालो. प्रश्न माझा राहतोच, पण हा धागा त्यासाठी नाही, मान्य.

बोलोन्याकर

मी नोकरीनिमित्त बोलोन्यात असतो. इथून फोर्ली तासाभराच्या आत. तिथे फक्त हिंदी सैन्याची वेगळी दफनभूमी आहे. मुसलमान शिपायांच्या कबरी आणि ज्यांचं दहन झालं त्या हिंदू-शिखांसाठी स्मारकावर नावं. इथे मात्र नावं आहेत, सांजवात. जाधव, शिंदे, पवार, मोरे वाचत उभं राहिलं की परदेशात आहोत हे विसरायला होतं. इटलीत आपले ५,७०० च्या वर शिपाई पडले.

त्या भागातल्या सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ ला नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तेही १/५ चेच. जखमी साथीदारांना पाण्यातून, सुरुंगांतून पाठीवर काढलं आणि मग एकट्याने मशिनगनच्या जागा मोडल्या. कृष्णाकाठ, तुमच्या आजोबांनी ती नदी त्याच दिवसांत ओलांडली असणार. व्हिक्टोरिया क्रॉसचे दुसरे मानकरी यशवंत घाडगे ३/५ चे, माणगाव तालुक्यातले, १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या नावाने पेरुजाजवळ मॉन्तोनेला २०२३ मध्ये छायाघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. माणगावात त्यांचा पुतळा आहे हे इथल्या लोकांना मी फोनवर दाखवतो.

पायऱ्यांवरच्या फोटोबद्दल सुचवतो. मागे गावाचं नाव निघालं तर मला कळवा. इथल्या छोट्या गावांत स्थानिक इतिहास मंडळं असतात, आणि म्हातारी माणसं दाराच्या दगडावरूनसुद्धा घर ओळखतात. फोटोची प्रत त्या घरी पोचवता येईल.

रानजाई

आणि तो बाई-मुलाचा फोटो? त्याचं कुणीच बोलत नाहीये.

बखरनवीस

बोलायला जड आहे म्हणून. नागमोडी कडा ही त्या काळच्या जर्मन फोटोंची नेहमीची पद्धत. मागचा मजकूर जर्मन असेल तर तो एखाद्या जर्मन शिपायाच्या पाकिटातला फोटो असण्याची शक्यता मोठी. कैद्याची झडती, सोडून पळालेला खंदक, किंवा मेलेल्याचा खिसा. सगळ्या फौजांचे सैनिक अशा वस्तू उचलत, हे झाकण्यात अर्थ नाही.

कृष्णाकाठ

मजकूर मामांकडून नीट टिपून घेतला. माझ्या मैत्रिणीने वाचला : "नाताळ १९४३, तुझ्या आठवणीसाठी", खाली बाईचं पहिलं नाव आणि "आणि आपला छोटा". आडनाव नाही.

दिवसभर तेच डोक्यात आहे. आजोबांनी तो का ठेवला असेल?

गावठी_गणिती

ते कळणार नाही. पण एक बघा. तो लढाईतला विजयचिन्ह म्हणून ठेवला असता तर भिंतीवर लागला असता, लोकांना दाखवला असता. तुम्ही म्हणता घरात कुणाला माहीतच नव्हता.

टपालहंशील

माग काढायचा तर आडनाव किंवा जर्मन लष्करी टपालाचा (फेल्डपोस्टचा) पाच आकडी क्रमांक लागेल. तो असेल तर तिकडच्या सरकारी अभिलेखागारात सैनिकांच्या नोंदी शोधता येतात. नुसत्या पहिल्या नावावर काही होणार नाही. पण संग्राहकाला तो देऊ नका ही माझीही विनंती. बाजारात असे फोटो "शत्रूच्या खिशातला" म्हणून चढ्या भावाने जातात. ते मूल आज हयात असेल तर ऐंशीच्या पुढे असेल.

डोंगरवाट

+१. डब्यातच राहू दे, आजोबांनी ठेवला तिथे.

फोटोवेडा

संस्थेला देण्याचं कुणी सुचवण्याआधी सांगून ठेवतो. आमच्या नात्यातल्या एकांनी बर्मातल्या फोटोंचा अख्खा अल्बम एका संस्थेला दिला, पोचपावती घेतली नाही. दहा वर्षांनी विचारायला गेलो तर तिथे कुणाला ऐकूनही माहीत नव्हता. द्यायचंच तर लेखी करार, वस्तूंची यादी, स्कॅनचा एक संच आपल्याकडे, आणि "संग्रह फोडणार नाही" असं कागदावर.

मोडीची_मात्रा

उशिरा आले धाग्यावर. मी मोडीचे वर्ग घेते. कृष्णाकाठ, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मागच्या बाजू पाठव, वाचून देते. पेन्सिल पुसट असेल तर प्रकाश बाजूने तिरका पाडून फोटो काढ, कागदात उमटलेली रेघ दिसते.

कृष्णाकाठ

पाठवले. मामांनी परवानगी दिली! गंमत म्हणजे त्यांनी हा धागा पूर्ण वाचून घेतला नातवाकडून.

मोडीची_मात्रा

वाचून झालं. तिच्या परवानगीने इथे लिहिते. अक्षर शाळेत घोटवलेलं, चांगलं आहे. बहुतेक ठिकाणी फक्त गावाचं नाव आणि महिना. बगदादच्या पुलामागे "पूल नावांचा, हलतो" (नावा म्हणजे होड्या). रोमच्या कलोसियममागे "पडका वाडा, फार मोठा. पाणी कोठून आणीत कळेना". जेरुसलेममागे "येथे तिन्ही धर्मांचे लोक रडतात".

पायऱ्यांवरच्या फोटोमागे गावाचं नाव आहे पण अर्धं पुसलंय, शेवटी "आनो" एवढं नक्की. खाली "आईने मोजे दिले". आई असंच लिहिलंय.

प्रिमावेराच्या मागे : "फ्लारेन्स. रजा. बरोबर ज्ञानू. त्याने पैसे दिले."

गावठी_गणिती

म्हणजे रजेवर घेतलं. आणि सोबत्याने घेऊन दिलं.

बखरनवीस

पहाऱ्याचा उल्लेख नाही. ठीक. पण रजेच्या दिवशी दोन मराठा शिपाई दुकानात उभे राहून, चर्चची आणि पुलांची कार्डं सोडून नेमकं हे निवडतात. आधी पाहिलं असेल, नसेलही. मला आता त्या ज्ञानूबद्दल कळून घ्यायचंय.

कृष्णाकाठ

मलाही. स्टुडिओतल्या फोटोमागे तिघांची नावं आहेत, मोडीताईंनी वाचली. मधला ज्ञानू. आईला विचारलं. तिने ते नाव कधीच ऐकलेलं नाही. मोठ्या मावशीला एवढंच आठवतं की दर वर्षी एकदा आजोबा मनीऑर्डर करायचे, कऱ्हाडच्या बाजूला कुठल्यातरी गावी, आणि आजी कुणाला, असं कधी विचारायची नाही.

मूळ प्रश्नाचं : वाटणी होणार नाही. आजोबांनी कागदावर ठेवलेल्या गोष्टी एकमेकींना धरून आहेत हे मामांना पटलं. फ्लॉरेन्सचं कार्ड एका घरात, ज्ञानूचा फोटो दुसऱ्या घरात गेला असता तर कुणालाच काही कळलं नसतं. चारही घरांना स्कॅनवरून छापलेला एकेक संच देणार. मूळ डबा मामांकडे, फोटोवेडांच्या सूचनेप्रमाणे पाकिटांत. संग्राहकांना नाही म्हणून कळवलं. नोटाही दिल्या नाहीत.

सांजवात

फार बरं वाटलं वाचून.

टपालहंशील

ज्ञानूसाठी दोन वाटा. युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव आणि रेजिमेंट टाकून शोधा. इंग्रजी स्पेलिंग कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे ज्ञानू, द्यानू, ग्यानू, ज्ञानदेव, ज्ञानोबा सगळं करून बघा. सापडला तर तिथे बहुधा वडिलांचं नाव आणि गाव असतं. आणि आजोबांचा आर्मी नंबर पेन्शनच्या पुस्तकावर किंवा डिस्चार्ज सर्टिफिकेटवर असेल. तो घेऊन बेळगावला मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून गेला तर बरं. एकाच तुकडीत होते तर तिथून धागा लागेल.

बोलोन्याकर

"आनो"वर संपणारी गावं इथे शेकड्याने आहेत, तरी पायऱ्यांचा फोटो पाठवा. दाराची कमान आणि दगडाची घडण बघून तोस्कानाकडचं की आद्रियाटिक बाजूचं, एवढं तरी इथला माझा एक गवंडी मित्र सांगेल.

कृष्णाकाठ

आजच पाठवते. पेन्शनचं पुस्तक मामीकडे आहे, रविवारी आणायला जातेय.

मोडीची_मात्रा

मनीऑर्डरच्या पावत्या तिथे असतील तर त्याही आण. पावतीवर घेणाऱ्याचं नाव असतं.

दर्यावर्दी

आणि उंटाचा कान?

कृष्णाकाठ

खाच आहे. डावा कान.

दर्यावर्दी

शिंदेकाकांना फोन लावतोय.